चंद्र जिथे अजून घडायचे आहेत

मे महिन्यात रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिणेचं क्षितिज मोकळं दिसेल अशा जागी उभं राहिलं, की अगदी तळाशी मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे सापडतात. दोघेही नरतुरंग तारकासमूहातले. मित्रकापासून नजर सरळ वर न्यावी. क्षितिजापासून माथ्यापर्यंतच्या अंतराचा साधारण एक तृतीयांश भाग चढून गेलं, की आकाशाचा जो तुकडा लागतो, तिथे नुसत्या डोळ्यांना दाखवण्यासारखं काही नाही. पण दुर्बिणीला तिथे बाराव्या प्रतीचा एक तारा दिसतो. त्याच्याभोवती दोन ग्रह फिरतात आणि त्यांतल्या बाहेरच्या ग्रहापाशी चंद्र घडण्याचं साहित्य जमलेलं आहे. हे साहित्य माणसाने प्रत्यक्ष टिपलं आहे.

ताऱ्याचं नाव पीडीएस ७०. ब्राझीलमधल्या पिको दोस दियास वेधशाळेने तरुण ताऱ्यांचा शोध घेऊन एक यादी केली होती, तिच्यातला हा सत्तरावा. अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षं. आज आपल्यापर्यंत पोचणारा त्याचा प्रकाश सतराव्या शतकाच्या मध्यावर निघाला. त्याच सुमारास, १६५५ साली, हॉलंडमध्ये ख्रिस्तियान हायगेन्स यांना शनीजवळ टायटन हा चंद्र सापडला होता. पीडीएस ७० चं वय सुमारे ५४ लाख वर्षं. सूर्याच्या ४६० कोटींपुढे ते काहीच नाही. वस्तुमान सूर्याच्या तीन चतुर्थांशाएवढं, रंग नारिंगी. भोवती वायू आणि धुळीची प्रचंड तबकडी आहे आणि तबकडीच्या मधोमध एक रुंद पोकळी. ही पोकळी ग्रहांनी साफ केलेली असणार, असा अंदाज आधीपासून होता.

२०१८ साली मिरियम केप्लर यांच्या गटाने चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या मदतीने या पोकळीतला पहिला ग्रह टिपला. तो पीडीएस ७० बी. पुढच्याच वर्षी सबॅस्टियान हाफर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच दुर्बिणीवरच्या ‘म्यूझ’ या उपकरणाने दुसरा ग्रह शोधला. पीडीएस ७० सी हा आपल्या लेखाचा नायक. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे, त्याच्या सुमारे ३४ पट अंतरावर तो आहे. सूर्यमालेत ती जागा नेपच्यूनच्या थोडी पलीकडे येईल. एका फेरीला त्याला सव्वादोनशे वर्षांच्या आसपास लागतात, आतल्या बी ग्रहाला साधारण त्याच्या निम्मी.

मग आल्मा या वेधशाळेने तिकडे तोंड वळवलं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर मांडलेल्या ६६ अँटेना एकत्र काम करतात आणि थंड धुळीतून येणाऱ्या मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपतात. २०१९ मध्ये आंद्रेआ इसेला यांच्या गटाला सी ग्रहापाशी धुळीची खूण दिसली. ती ताऱ्याभोवतीच्या तबकडीच्या बाहेरच्या मोठ्या कड्यात मिसळून गेली होती, त्यामुळे खात्री देता येईना. २०२१ मध्ये मिरियम बेनिस्टी यांच्या गटाने आणखी बारीक चित्र मिळवलं आणि प्रश्न सुटला. बाहेर मोठं तेजस्वी कडं, आत अंधारी पोकळी, आणि कड्याच्या आतल्या काठाजवळ एक सुटा ठिपका. ग्रहाभोवतीच्या स्वतंत्र तबकडीचं हे पहिलं निर्विवाद चित्र.

तो ठिपका म्हणजे केवढी गोष्ट आहे! तबकडीचा व्यास पृथ्वी-सूर्य अंतराइतका, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर. शनीच्या कड्यांपेक्षा साधारण ५०० पट मोठी. तिच्यातली धूळ गोळा केली, तर आपल्या चंद्राएवढे तीनपर्यंत चंद्र होतील, असा त्या गटाचा हिशेब आहे. शेजारच्या बी ग्रहाभोवती मात्र अशी स्पष्ट तबकडी दिसली नाही. सी कड्याच्या काठावर बसला आहे. बाहेरून येणारी धूळ तो आधी अडवतो आणि बी पर्यंत फारसं काही पोचत नसावं.

सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची संख्या आता सहा हजारांच्या आसपास गेली आहे. त्यांच्यापैकी कुणाचाही चंद्र अजून निर्विवादपणे सापडलेला नाही. २०१८ मध्ये केप्लर-१६२५ बी या ग्रहाला नेपच्यूनएवढा चंद्र असावा, अशी बातमी आली. २०२२ मध्ये केप्लर-१७०८ बी चं नाव पुढे आलं. २०२३ मध्ये रेने हेलर आणि मिखाएल हिप्पके यांनी दोन्ही निरीक्षणं पुन्हा तपासली आणि तिथे मोठे चंद्र असण्याची शक्यता कमी आहे, असं मांडलं. मूळ शोध लावणाऱ्यांना ते मान्य नाही. हा वाद चालू राहो. मला स्वतःला पीडीएस ७० सी अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे चंद्र आहे की नाही यावर भांडण्याआधी चंद्राचा कच्चा माल डोळ्यांसमोर आहे.

कच्चा माल आहे, नियम माहीत आहेत आणि घडून तयार झालेला एक नमुनाही आपल्या घरात आहे: गुरू आणि त्याचे चार मोठे चंद्र, आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. तेव्हा पुढचं चित्र कल्पनेचं असलं, तरी मनाला येईल तसं रंगवलेलं नाही.

आधी ग्रह पाहू. सी चं नेमकं वस्तुमान ठरलेलं नाही. गुरूच्या काही पट असावं असे अंदाज आहेत. मी हिशेबासाठी चार पट धरतो. आकाराने तो गुरूच्या सुमारे दुप्पट रुंद, कारण कोवळा ग्रह आकुंचनाच्या उष्णतेने फुगलेला असतो. पृष्ठभागाचं तापमान हजार-अकराशे केल्व्हिन, म्हणजे साधारण सव्वासातशे ते सव्वाआठशे अंश सेल्सियस. इतक्या तापमानाची वस्तू विझत आलेल्या निखाऱ्यासारखी मंद तांबडी दिसते. शिवाय त्याचं खाणं अजून चालू आहे. तबकडीतला वायू त्याच्यावर कोसळतो तेव्हा हायड्रोजन तापून ६५६ नॅनोमीटरच्या लाल रंगात उजळतो. म्यूझने हाच रंग पकडला होता. या उजेडावरून काढलेला अंदाज असा, की सी दरवर्षी गुरूच्या वस्तुमानाचा दहा कोटीवा भाग गिळतो. सेकंदाला सुमारे साठ कोटी टन! कागदावर नगण्य वाटणारा अपूर्णांक असा सेकंदांत मोडून पाहिला, की ग्रहाची भूक कळते.

आता त्याच्याभोवती, गॅनिमीड गुरूपासून जेवढा दूर आहे तेवढ्याच, म्हणजे साधारण १० लाख ७० हजार किलोमीटर अंतरावर, एक चंद्र ठेवू. धूळ निवळली आहे असं समजू आणि त्याच्या पृष्ठभागावर उभं राहू.

समोरच्या आकाशात ग्रहाचा गोळा पंधरा अंश रुंद. आपल्याकडे चंद्रबिंब अर्धा अंश असतं, म्हणजे त्याच्या तीस पट. चंद्राची एकच बाजू कायम ग्रहाकडे राहणार, कारण एवढ्या जवळच्या चंद्राला भरती-ओहोटीचं बल लवकरच तसं बांधून टाकतं. त्यामुळे हा तांबडा गोळा उगवत नाही, मावळत नाही. तो आकाशात एका जागी टांगलेला असतो. तारे आणि सूर्य मात्र साडेतीन-चार दिवसांत एक फेरी मारतात.

तिथला सूर्य म्हणजे पीडीएस ७०. इतक्या लांबून त्याचं बिंब दिसत नाही, दिसतो फक्त डोळे दिपवणारा नारिंगी ठिपका. पृथ्वीला सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या तीन हजारावा भागही त्याच्याकडून येत नाही. तरीही तो आपल्या पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा सुमारे शंभर पट उजळ असेल आणि त्याच्या उजेडात पुस्तक सहज वाचता येईल.

मग उष्णता? ती ग्रहाकडून. अकराशे केल्व्हिनच्या, गुरूच्या दुप्पट रुंद गोळ्यातून या अंतरावर किती ऊर्जा पोचते याचा मी हिशेब केला. प्रत्येक चौरस मीटरला १,४०० वॉटच्या आसपास येते. पृथ्वीवर वातावरणाच्या माथ्याशी सूर्याकडून १,३६१ वॉट येतात. जवळपास तेवढीच! पहिल्यांदा हा आकडा आला तेव्हा मी शून्यं पुन्हा मोजली. तापमान हजार केल्व्हिन धरलं, तर तो हजार वॉटपर्यंत उतरतो, पण चित्र बदलत नाही. ही ऊर्जा जवळजवळ सगळी अवरक्त, डोळ्यांना न दिसणारी. म्हणजे त्या चंद्रावर उजेड ताऱ्याचा असेल आणि ऊब ग्रहाची. माणसाच्या अनुभवात या दोन गोष्टी नेहमी एकाच ठिकाणाहून आल्या आहेत.

ही ऊब सारखी वाटली जाणार नाही. ग्रहाकडे तोंड केलेला अर्धा भाग सतत भाजणार, पाठीमागचा अर्धा सतत गारठणार. मधल्या पट्ट्यात, जिथे ग्रहाचा गोळा क्षितिजावर अर्धा टेकलेला असेल, तिथे वातावरण असलंच तर जोराचे वारे वाहतील.

अंतर बदललं की गोष्ट बदलते. आयो गुरूपासून ४ लाख २२ हजार किलोमीटरवर आहे. सी भोवती तेवढ्या अंतरावर फिरणाऱ्या चंद्राला पृथ्वीच्या सातपट ऊर्जा मिळेल. तिथे पाण्याची वाफ होऊन उडून जाईल, उरेल तो खडक. लांब जावं तसं थंड होत जाईल आणि एका सीमेपलीकडे बर्फ टिकू लागेल. माझ्या ढोबळ हिशेबाने ती सीमा तीस-पस्तीस लाख किलोमीटरवर येते. धुळीच्या सावलीत ती बरीच अलीकडे सरकेल.

असं खरंच घडतं याचा पुरावा गुरूपाशी आहे. त्याच्या चार मोठ्या चंद्रांची घनता आतून बाहेर पाहत जा: आयो ३.५, युरोपा ३.०, गॅनिमीड १.९, कॅलिस्टो १.८ ग्रॅम प्रतिघनसेंटिमीटर. आयो म्हणजे निव्वळ खडक, युरोपा खडकावर पाणी-बर्फाचा थर, आणि पुढचे दोघे जवळजवळ अर्धे बर्फाचे. आज गुरू थंड आहे, त्याच्या उबेने कुणाचाही बर्फ वितळत नाही. हा उतार तेव्हाचा आहे जेव्हा गुरूही असाच तांबडा होता. साध्या दुर्बिणीतून गुरूशेजारी दिसणारे ते चार ठिपके त्या तापलेल्या काळाची नोंद आहेत. पीडीएस ७० सी पाशी तीच नोंद आत्ता लिहिली जात आहे, फक्त ग्रह मोठा आणि अधिक तापलेला असल्यामुळे खडकाळ चंद्रांचा पट्टा जास्त रुंद असेल.

धुळीतून चंद्र कसा होतो, हे सांगायला सोपं आणि घडायला फार कठीण. कण कणाला चिकटतात, गठ्ठे होतात, गठ्ठ्यांचे डोंगर होतात, मग गुरुत्व काम हाती घेतं. पण तबकडीत वायू आहे आणि वायू स्वस्थ बसू देत नाही. वाढलेला चंद्र वायूत लाटा उठवतो, त्या लाटा त्याची गती हिरावून घेतात आणि तो हळूहळू आत सरकू लागतो. थांबला नाही, तर ग्रहाच्या पोटात जातो. रॉबिन कॅनप आणि विल्यम वॉर्ड यांनी २००६ मध्ये दाखवलं, की गुरू-शनीसारख्या ग्रहांभोवती चंद्रांच्या पिढ्या अशा घडत आणि बुडत गेल्या असाव्यात. बाहेरून माल येत राहतो, नवे चंद्र होतात, आधीचे गिळले जातात. वायूचा पुरवठा आटतो तेव्हा जी पिढी वर असेल, ती वाचते. गॅनिमीड, टायटन ही वाचलेली पिढी.

यातून एक देखणा नियम निघाला. राक्षसी ग्रहाच्या सगळ्या चंद्रांचं मिळून वस्तुमान ग्रहाच्या साधारण दहा हजारावा भाग असतं. गुरू, शनी, युरेनस, तिघांनाही तो लागू पडतो. सी ला लावून पाहू. चार गुरूंच्या दहा हजारावा भाग म्हणजे आपल्या दहा चंद्रांइतकं, मंगळापेक्षा थोडं अधिक वस्तुमान. आल्माला दिसलेली धूळ तीन चंद्रांपुरती आहे. यात विसंगती नाही, कारण सगळा माल एका वेळी तबकडीत असण्याची गरज नाही. बाहेरच्या कड्यातून तो येत राहतो. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत सी कडे वळणारा एक सर्पिल प्रवाह दिसला आहे, तो बहुधा याच पुरवठ्याचा मार्ग.

सरकणाऱ्या चंद्रांमुळे माझ्या चित्रात एक चंद्र असा येतो, ज्याच्यावर माझा विशेष जीव आहे. तो बर्फाच्या सीमेपलीकडे घडला, अर्धा खडक आणि अर्धा बर्फ घेऊन. मग वायूने त्याला आत ओढलं आणि पुरवठा आटला तेव्हा तो नेमका गॅनिमीडच्या अंतरावर होता. तिथल्या ऊर्जेची गोळाबेरीज केली, तर पृष्ठभागाचं सरासरी तापमान सात-आठ अंश सेल्सियसच्या आसपास येतं. वर आलेला बर्फ वितळतो. कित्येक किलोमीटर खोल पाणी, वर वाफेचं दाट आवरण, आणि वाफेतून दिसणारा धूसर तांबडा गोळा. गुरुत्व कमी असल्याने वाफ सतत निसटत राहील, पण अर्ध्या चंद्राएवढं पाणी सहजासहजी संपत नाही.

हा काळ टिकणार नाही. ग्रह थंड होत जाईल, आकुंचन पावून गुरूएवढा होईल. दहा कोटी वर्षांत त्याची ऊब कित्येक पटींनी घटेल आणि महासागरावर पुन्हा बर्फाचं झाकण बसेल. त्यानंतर त्या पाण्याला उबदार ठेवायचं काम भरती-ओहोटीचं. आयो, युरोपा आणि गॅनिमीड एका तालात फिरतात: गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार. या तालामुळे कक्षा किंचित लांबट राहतात, चंद्र सतत पिळले जातात आणि आतून तापतात. आत सरकणारे चंद्र एकमेकांना अशा तालात सहज पकडतात, म्हणून माझ्या चित्रातही आतले तीन चंद्र तसेच फिरतात.

त्या आकाशात आणखी दोन गोष्टी दिसतील. बी ग्रह ताऱ्याच्या आसपास घुटमळणारा तांबूस ठिपका असेल, आपल्याकडे बुध-शुक्र घुटमळतात तसा. आणि बाहेरचं मोठं कडं सगळ्या आकाशाला वळसा घालणाऱ्या फिकट पट्ट्यासारखं, आकाशगंगेपेक्षा रुंद आणि मागचे तारे झाकणारं. पुढे हे कडंही विरेल.

असे चंद्र शोधायची एक वेगळी वाट आपल्या नारायणगावजवळून जाते. आयोवरचे ज्वालामुखी जे द्रव्य बाहेर फेकतात, त्यामुळे गुरूच्या चुंबकीय क्षेत्रात विद्युतप्रवाह वाहतात आणि रेडिओ लहरींचे जोरदार झोत निघतात. दूरच्या ग्रहाला आयोसारखा चंद्र असेल, तर तिथूनही असे झोत निघावेत. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने, तिथल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी, वॉस्प-६९ आणि वॉस्प-४९ या ताऱ्यांच्या ग्रहांकडे याच हेतूने कान लावला. तिथून रेडिओ संदेश मिळाला नाही, पण झोत असलेच तर ते किती मंद असले पाहिजेत, याची मर्यादा ठरली. पुढच्या शोधाला अशी मर्यादाच लागते.

पीडीएस ७० सी चं चित्र सुधारायला दोन ठिकाणांहून मदत मिळेल. एक, चिलीत उभी राहत असलेली ३९ मीटर आरशाची एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप. दुसरी जागा घराजवळची: कॅलिस्टोचं पोट. गुरूभोवती फिरलेल्या गॅलिलिओ यानाच्या मोजमापांवरून असं दिसतं, की त्याच्या आतले खडक आणि बर्फ पूर्ण वेगळे झालेले नाहीत. तो झटपट घडला असता, तर आदळणाऱ्या मालाच्या उष्णतेने बर्फ वितळला असता आणि खडक तळाला गेला असता. म्हणजे तो सावकाश घडला, किमान लाखभर वर्षं घेऊन. युरोपचं ‘जूस’ हे यान एप्रिल २०२३ मध्ये निघालं आहे. २०३१ मध्ये ते गुरूपाशी पोचेल, कॅलिस्टोजवळून अनेकदा जाईल आणि २०३४ च्या अखेरीस गॅनिमीडभोवती फिरू लागेल. कॅलिस्टोच्या आतली रचना त्याने नक्की केली, की सी च्या सर्वांत बाहेरच्या चंद्राला घडायला किती काळ लागेल, हे अधिक खात्रीने मांडता येईल. माझ्या चित्रात तूर्त तिथे एक लाख वर्षं लिहिलेली आहेत.